'कंप्लेंट्स दॅट...' च्या पुढे 'वॉज' की 'वेअर'? रिपोर्टमधल्या 'दॅट'नं डोकं खाल्लंय

कपाशीचा_हिशेब (ता. घाटंजी, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. इंग्रजी व्याकरणाचा प्रश्न आहे, पण परीक्षेचा नाही, पोटापाण्याचा आहे.

मी एका शेतकरी उत्पादक कंपनीत काम करते. ऑफिस म्हणजे जिनिंगच्या मागची एक खोली, एक प्रिंटर आणि मी. सभासदांच्या बैठका, बियाण्याच्या तक्रारी, बोंडअळीची पाहणी, सगळं आधी वहीत मराठीत उतरवते. तिमाही संपली की त्याचा इंग्रजी रिपोर्ट करून निधी देणाऱ्या संस्थेला पाठवते. यावेळी रिपोर्ट परत आला. जिथे जिथे 'दॅट' तिथे तिथे लाल. कुठे शब्द खोडलाय, कुठे बदललाय, पण का, ते एका ओळीनंही लिहिलेलं नाही.

मी लिहिलं होतं, 'फार्मर्स टोल्ड दॅट द बोलवर्म अटॅक स्टार्टेड इन ऑक्टोबर'. त्यांनी 'टोल्ड'चं 'सेड' केलं. बरं. पण 'इट वॉज टोल्ड दॅट द पेमेंट विल बी मेड आफ्टर दिवाळी' यातलं 'टोल्ड'ही खोडलं. 'देअर आर मेनी एव्हिडन्सेस दॅट द सीड वॉज बोगस' या वाक्यावर तर आडवी रेघच मारली.

खरा घोळ पुढच्या वाक्यात आहे. 'कंप्लेंट्स दॅट द सीड डिड नॉट जर्मिनेट वॉज रिसीव्ड फ्रॉम थ्री व्हिलेजेस'. इथे त्यांनी 'वॉज'चं 'वेअर' केलं. आता बी उगवलं नाही ही गोष्ट एकच ना? 'दॅट'च्या पुढे वाक्यही एकच आहे, आणि क्रियापदाला लागून तेच बसलंय. मग 'वेअर' आलं कुठून? आणि मुळात एकाच गोष्टीच्या 'कंप्लेंट्स' अनेकवचनी कशा?

शेवटचं व्याकरणात मोडतं की नाही माहीत नाही. 'फार्मर्स सेड दॅट दे हॅड इन्स्टॉल्ड द ट्रॅप्स' असं मी लिहिलं होतं. कामगंध सापळे (गंधानं बोंडअळीचे पतंग पकडणारे) लावले होते, एवढंच सांगायचं होतं. त्यांनी 'सेड'चं 'क्लेम्ड' केलं. चूक नसताना बदललं म्हणून नाही, पण वाचून बरं नाही वाटलं.

खारपाणपट्टा

राजेहो, शेतकऱ्यानं वऱ्हाडीत सांगतलं, ताईनं मराठीत लिवलं, मंग त्याचं इंग्रजी केलं, अन् तिकडचा मानूस त्याच्यावर लाल पेन मारून राह्यला. रिपोर्ट मराठीत काहून नाही घेत हे लोक?

कपाशीचा_हिशेब

भाऊ, पैसे ज्याचे भाषा त्याची. कोणी व्याकरणाचं सांगेल का?

निवृत्त_मास्तर_वरूड

सांगतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात नोकरी गेली, आता संत्र्याच्या बागेत असतो. आंबिया बहाराची फळगळ सुरू आहे, डोकं तसंही तापलेलंच आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी 'कंप्लेंट्स'. क्रियापदानं आपल्या शेजारी कोण बसलंय ते पाहायचं नसतं. वावरात मजूर कितीही असोत, सातबारा ज्याच्या नावावर तो मालक. तुमच्या वाक्याचा सातबारा 'कंप्लेंट्स'च्या नावावर आहे. 'दॅट द सीड डिड नॉट जर्मिनेट' हा मधला तुकडा बोटानं झाका आणि उरलेलं वाचा. 'कंप्लेंट्स वॉज रिसीव्ड' म्हणताना जीभ अडखळते की नाही? झालं. मधलं वाक्य दोन शब्दांचं असो की तीन ओळींचं, मालक बदलत नाही. उलट्या बाजूनंही हेच. 'द रूमर दॅट द प्राइसेस हॅव फॉलन इज फॉल्स'. इथे 'हॅव' आहे ते आतल्या 'प्राइसेस'साठी, आणि बाहेर 'इज' आहे ते अफवा एकच म्हणून. पोरं इथे हमखास 'आर फॉल्स' लिहीत, कारण 'प्राइसेस' ताजं ताजं कानात असतं.

मात्र तुम्ही जो विचार केला, की गोष्ट एकच म्हणून क्रियापद एकवचनी, तो अगदीच वाऱ्यावरचा नाही. फक्त तो दुसऱ्या वाक्याला लागतो. पुढचं नाम काढून टाका आणि 'दॅट'च्या वाक्यालाच कर्ता करा. 'दॅट थ्री व्हिलेजेस गॉट बॅड सीड इज नाउ क्लिअर'. इथे आत 'व्हिलेजेस' असूनही 'इज'च, कारण कर्ता म्हणजे ती अख्खी गोष्ट, आणि ती एक.

आता तक्रारी अनेकवचनी कशा. आशय एक असतो, तोंडं अनेक असतात. तीन गावांतून लोक आले, प्रत्येकानं आपापली तक्रार केली, म्हणून 'कंप्लेंट्स'. 'रिपोर्ट्स', 'क्लेम्स', 'रूमर्स', 'ॲलिगेशन्स' ही सगळी याच जातीची. प्रत्येक शब्दामागे बोलणारी माणसं उभी आहेत. 'फिअर्स' आणि 'होप्स'चं जरा निराळं. तिथे इंग्रजी माणूस मोजत बसत नाही, 'देअर आर फिअर्स दॅट द रेन विल फेल' असं हवेतल्या काळजीलाही अनेकवचन लावतो. 'फॅक्ट' मात्र हट्टी आहे. एका गोष्टीसाठी 'द फॅक्ट दॅट'च, 'द फॅक्ट्स दॅट' नाही. आणि तक्रारींचा आशयच जर दोन प्रकारचा असेल तर 'दॅट' पुन्हा लिहा. 'कंप्लेंट्स दॅट द सीड डिड नॉट जर्मिनेट अँड दॅट नो बिल्स वेअर गिव्हन'. दुसरा 'दॅट' गाळला तर बिल न मिळणं हे तक्रारीतलं आहे की तुमचं स्वतःचं विधान आहे, हे वाचणाऱ्याला कळत नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये हा फरक पैशाचा आहे.

आता एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण सगळं तिच्यावर उभं आहे. शाळेत आपण मिश्र वाक्यात नामवाक्य आणि विशेषणवाक्य शिकलो. इंग्रजीत दोघांच्याही दारावर 'दॅट' हीच पाटी. ही दोन वाक्यं बघा. 'द कंप्लेंट्स दॅट द डीलर सोल्ड ओल्ड सीड' आणि 'द कंप्लेंट्स दॅट द फार्मर्स फाइल्ड'. पहिल्यात 'दॅट'नंतरचं वाक्य स्वतःच्या पायावर उभं आहे, दुकानदारानं जुनं बी विकलं, काही कमी नाही. तो तक्रारीचा मजकूर आहे. ओटो येस्पर्सन नावाचा डॅनिश व्याकरणकार होता, त्यानं अशा वाक्याला 'कंटेंट क्लॉज' म्हटलं, आणि मला ते नाव फार आवडतं, कारण तक्रारीच्या पोटात काय आहे तेच ते वाक्य सांगतं. दुसऱ्यात 'फार्मर्स फाइल्ड', म्हणजे शेतकऱ्यांनी दाखल केली. काय दाखल केली? वाक्य अर्धवट आहे, त्याचं कर्म बाहेर पडलंय. ते विशेषणवाक्य, कुठल्या तक्रारी ते सांगणारं. त्यात 'दॅट'च्या जागी 'विच' चालतं. पहिल्यात 'विच' घातलं की वाक्य मेलं. संशय आला तर मधे 'इज' घालून बघा. 'द कंप्लेंट इज दॅट द डीलर सोल्ड ओल्ड सीड' जमतं. 'द कंप्लेंट इज दॅट द फार्मर्स फाइल्ड' जमत नाही.

मराठीत हा गोंधळ होत नाही, कारण आपण मजकूर आधी सांगून टाकतो आणि नाम मागून आणतो. 'भाव पडल्याच्या बातम्या', 'बी न उगवल्याच्या तक्रारी'. इंग्रजी आधी 'तक्रारी' म्हणतं आणि मग पोतं सोडतं. म्हणून कर्ता आणि क्रियापद यांच्यात एवढं अंतर पडतं आणि वचन हातातून सुटतं.

'टोल्ड' सोपं आहे. 'टेल'ला ऐकणारा लागतो. 'फार्मर्स टोल्ड अस दॅट...' लिहा, नाहीतर 'सेड दॅट'. 'इन्फॉर्म', 'रिमाइंड', 'कन्व्हिन्स' हेही ऐकणाऱ्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. याच्या अगदी उलट 'एक्स्प्लेन' आणि 'सजेस्ट'. तिथे 'एक्स्प्लेन्ड अस दॅट' चालत नाही, 'एक्स्प्लेन्ड टू अस दॅट' हवं. 'वॉर्न' आणि 'प्रॉमिस' दोन्हीकडून चालतात. 'इट वॉज टोल्ड दॅट' यात ऐकणारा पुन्हा गायब झालाय. 'वी वेअर टोल्ड दॅट' लिहा, ऐकणारे तुम्हीच होतात. ऐकणाऱ्याचा उल्लेख नकोच असेल तर 'इट वॉज सेड दॅट' किंवा 'इट वॉज रिपोर्टेड दॅट'. पण माझ्या मते असं लिहूच नये. पैसे दिवाळीनंतर देऊ हे कोणी सांगितलं? त्याचं नाव लिहा. आणि त्याच वाक्यात 'विल'चं 'वुड' करा, सांगणं मागे पडलंय.

'एव्हिडन्सेस' असा शब्द आपल्याकडे फार चालतो, पण 'एव्हिडन्स' मोजता येत नाही. 'इन्फर्मेशन', 'न्यूज', 'ॲडव्हाइस' ही त्याचीच भावंडं. 'देअर आर मेनी एव्हिडन्सेस' नको, साधं 'देअर इज एव्हिडन्स दॅट'. अनेकवचन हवंच असेल तर 'साइन्स दॅट' किंवा 'इंडिकेशन्स दॅट' घ्या. आणि 'बोगस' हा शब्द पंचनाम्यात शोभतो, त्यांच्याकडे तो शिवीसारखा वाचला जातो.

'क्लेम्ड'वर वेगळं लिहितो. फवारणीवाला आलाय, जातो.

तहसील_टायपिस्ट

मास्तरांनी 'दॅट' म्हणजे दारावरची पाटी म्हटलं, आमच्याकडे तर पाट्यांचीच वस्ती आहे. मी तहसीलसमोर झाडाखाली टायपिंग करतो. इंग्रजी शपथपत्र कधी वाचलं असेल तर आठवा, प्रत्येक परिच्छेद 'दॅट'नंच सुरू होतो. 'दॅट आय ॲम अ रेसिडेंट ऑफ...', खाली पुन्हा 'दॅट द सेड लँड...'. नवीन वकील विचारतात, हे अर्धवट वाक्य कसलं? अर्धवट नाही ते. वरती एकदाच लिहिलेलं असतं की मी सत्यप्रतिज्ञेवर खालीलप्रमाणे कथन करतो, 'स्टेट ऑन सॉलेम अफर्मेशन'. खालचे सगळे 'दॅट' त्या एका 'स्टेट'ला टांगलेले. पहिलं पान फाटलं तर बाकीचे परिच्छेद अधांतरी.

'क्लेम्ड'बद्दल. आमच्या धंद्यात क्रियापद बघून फी घेतात म्हणा हवं तर. 'स्टेटेड' म्हणजे सांगितलं, पुढे काही नाही. 'अलेज्ड' म्हणजे आरोप केला, अजून सिद्ध व्हायचंय, लिहिणाऱ्यानं हात झटकले. 'ॲडमिटेड' म्हणजे कबूल केलं, आणि ते एकदा कागदावर आलं की मागे घेणं जड. माणूस सहज बोलून गेला की मी त्या दिवशी वावरात होतो, आणि कोणी त्याचं 'ॲडमिटेड दॅट ही वॉज इन द फील्ड' केलं, तर वाचणाऱ्याला तो पकडला गेल्यासारखा वाटतो. ताई, तुमच्या रिपोर्टमध्ये कुठे 'ॲडमिटेड' आहे का बघा.

'डिनाय'ही जपून. 'डिनाइड दॅट ही डिड नॉट पे' याचा अर्थ तो म्हणतो मी पैसे दिले. दोन नकार एकत्र आले की आमच्याकडे चांगले चांगले गडबडतात.

ॲग्रो_अकोला

पंजाबराव कृषी विद्यापीठात एम.एस्सी. करतोय, कीटकशास्त्र. सध्या प्रबंध लिहिणं चालू आहे, म्हणजे दिवसभर 'रिझल्ट्स रिव्हील्ड दॅट' हेच.

मास्तरांनी नामाला चिकटलेलं 'दॅट' सांगितलं. आमच्याकडे अनेकवचनी नाम आणि 'दॅट' यांच्या मधे क्रियापद असतं. 'रिझल्ट्स शो दॅट', 'ऑब्झर्व्हेशन्स इंडिकेट दॅट', 'फाइंडिंग्ज सजेस्ट दॅट'. इथे 'एस'ची अदलाबदल होते. नामाला 'एस' असेल तर क्रियापदाला नाही, 'रिझल्ट्स शो'. नामाला नसेल तर क्रियापदाला, 'द रिझल्ट शोज'. दोघांनाही लावलं की गाईड पान परत देतात. 'डेटा' शास्त्रीय लिखाणात अनेकवचनी धरतात, म्हणून 'डेटा शो'. वर्तमानपत्रात 'डेटा शोज' सर्रास असतं, तिकडे त्यात गैर नाही.

वस्तू किंवा आकडे कर्ता असले की क्रियापदं मोजकीच. आकडे दाखवतात, सुचवतात, पुष्टी देतात. 'प्रूव्ह' शक्यतो टाळतो. एका हंगामाच्या आकड्यांवर 'प्रूव्ह' लिहिलं की तोंडी परीक्षेत धुलाई ठरलेली. 'सजेस्ट'मध्ये पळवाट राहते. आणि 'रिव्हील' म्हणजे झाकलेलं उघड करणं. आमच्या प्रबंधांत पाऊस पडला हेही 'रिव्हील' होतं.

काळाचंही एक. 'स्टडीज हॅव शोन दॅट द पिंक बोलवर्म हॅज डेव्हलप्ड रेझिस्टन्स टू बीटी कॉटन'. बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, गुलाबी बोंडअळी तिला दाद देईनाशी झाली, आणि २०१७ ला आपल्याकडे या अळीनं कपाशीचं केवढं नुकसान केलं ते सगळ्यांना माहीत आहे. ती गोष्ट आजही खरी आहे, म्हणून 'दॅट'च्या आत 'हॅज' राहतं. पण 'फार्मर्स सेड दॅट द अटॅक वॉज सिव्हिअर', तो हंगाम संपला, म्हणून 'वॉज'.

शिफारशीत वेगळाच खेळ आहे. 'वी रेकमेंडेड दॅट फार्मर्स इन्स्टॉल फाइव्ह ट्रॅप्स पर हेक्टर' हे सगळेच बरोबर लिहितात, हेक्टरी ५ सापळे, पाहणीसाठी. आता 'फार्मर्स'चं 'ईच फार्मर' करा. 'दॅट ईच फार्मर इन्स्टॉल', 'इन्स्टॉल्स' नाही. 'रेकमेंड', 'सजेस्ट', 'डिमांड', 'इन्सिस्ट' यांनी कोणी काहीतरी करावं असं सांगितलं की 'दॅट'च्या आत क्रियापद मूळ रूपात राहतं. अनेकवचनात दोन्ही रूपं सारखीच दिसतात म्हणून हे झाकलं जातं, एकवचन आलं की उघडं पडतं. 'शुड' घातलं तरी चालतं, माझे गाईड तेच घालतात. नकाराला 'डू' लागत नाही. फरदड (वेचणी संपल्यावरही उभी ठेवलेली कपाशी) ठेवू नका हे सांगताना 'रेकमेंडेड दॅट फार्मर्स नॉट कीप द रटून क्रॉप'. विचित्र वाटतं, पण बरोबर आहे.

खारपाणपट्टा

फरदडीचं इंग्रजी पयल्यांदा पाह्यलं. ऐकते कोन पन.

निवृत्त_मास्तर_वरूड

आलो. 'क्लेम्ड'.

तुम्हाला बरं वाटलं नाही, ते का, ते टायपिस्ट साहेबांनी अर्धं सांगितलं. सांगण्याची क्रियापदं दोन माणसांबद्दल बोलतात, सांगणाऱ्याबद्दल आणि लिहिणाऱ्याबद्दल. 'फार्मर्स सेड दॅट दे हॅड इन्स्टॉल्ड द ट्रॅप्स' यात लिहिणारा दिसत नाही. 'फार्मर्स पॉइंटेड आउट दॅट...' म्हटलं की लिहिणारा शेतकऱ्यांच्या बाजूला जाऊन बसतो, हे खरं आहे असं तोही मानतो. 'क्लेम्ड' म्हटलं की तो खुर्ची मागे सरकवतो, हे म्हणतात, मला माहीत नाही. तिन्ही वाक्यांत शेतकरी तेच बोलले. नामांतही हीच उतरंड आहे. 'द फाइंडिंग्ज दॅट', 'द रिपोर्ट्स दॅट', 'द क्लेम्स दॅट', 'द ॲलिगेशन्स दॅट', एकेक पायरी उतरत विश्वास कमी. रिपोर्ट वाचताना मी आधी हीच नामं बघतो. साहेबाचं म्हणणं 'एक्स्प्लनेशन' आणि शेतकऱ्याचं म्हणणं 'क्लेम' असेल, तर रिपोर्ट कोणाच्या खुर्चीत बसून लिहिलाय ते कळतं.

पण तपासणाऱ्यानं मुद्दाम वाकडं केलं असेल असं मी लगेच म्हणणार नाही. त्याच्या टेबलावर पुरावा नव्हता. तुम्ही सापळे स्वतः पाहिले होते का? पाहिले असतील तर 'सेड' आणि 'क्लेम्ड' या भांडणात पडताच कशाला?

कपाशीचा_हिशेब

पाहिले होते ना. पाहणीला मीच गेले होते. सापळ्यांतले पतंग मोजून वहीत लिहिले आहेत, फोटोही आहेत, काही फोटोंत तर माझी स्कूटी मागे उभी दिसते. पण ते मी जोडपत्रात टाकलं आणि मुख्य मजकुरात 'फार्मर्स सेड' लिहिलं. वाटलं, शेतकऱ्यांच्या तोंडून आलं तर जास्त वजन पडेल.

निवृत्त_मास्तर_वरूड

उलटं झालं. जे तुम्ही पाहिलं ते दुसऱ्याच्या तोंडी घातलं की ती ऐकीव गोष्ट होते. 'अवर फील्ड व्हिजिट्स कन्फर्म्ड दॅट द फार्मर्स हॅड इन्स्टॉल्ड द ट्रॅप्स'. अनेकवचनी नाम तुमचं, क्रियापद तुमचं, 'दॅट'च्या आतला मजकूर शेतकऱ्यांचा. याला 'क्लेम्ड' करून दाखवा म्हणावं. जिथे तुम्ही स्वतः पाहिलेलं नाही, उदाहरणार्थ बी कोणत्या दिवशी पेरलं, तिथे 'सेड' किंवा 'रिपोर्टेड' ठेवा आणि कोणी 'क्लेम्ड' केलं तर 'सेड' करून परत पाठवा. त्यात उद्धटपणा नाही.

कपाशीचा_हिशेब

हे पटलं. आणखी एक आहे, आजच लिहितेय म्हणून विचारते. व्यापारी मला म्हणाला, 'मी सोमवारी पैसे देतो.' मी लिहिलं, 'द ट्रेडर सेड दॅट आय विल पे ऑन मंडे'. हे अजून त्यांनी पाहिलेलं नाही.

तहसील_टायपिस्ट

ताई, त्या वाक्यावर सही केलीत तर सोमवारी पैसे तुम्ही द्यायचे!

निवृत्त_मास्तर_वरूड

टायपिस्ट साहेब बरोबर सांगतात. मराठीत आपण समोरच्याचं वाक्य जसंच्या तसं उचलून 'असं तो म्हणाला' जोडतो, 'मी' तोच राहतो आणि कोणाचा गोंधळ होत नाही. 'की' लावलं तरी चालतं, 'तो म्हणाला की मी देतो'. इंग्रजीत 'दॅट' आलं की आतला 'आय' हा रिपोर्ट लिहिणारा. म्हणून 'द ट्रेडर सेड दॅट ही वुड पे'.

आणि 'ऑन मंडे' कुठे ठेवता त्याकडे लक्ष. 'द ट्रेडर सेड ऑन मंडे दॅट ही वुड पे' म्हणजे सोमवारी बोलला. 'द ट्रेडर सेड दॅट ही वुड पे ऑन मंडे' म्हणजे सोमवारी देणार. 'द ट्रेडर सेड ऑन मंडे ही वुड पे', यात 'दॅट' गाळला आणि वार दोन्हीकडचा झाला. बोलताना 'सेड', 'थिंक', 'नो' यांच्यामागचा 'दॅट' खुशाल गिळा, इंग्रज स्वतःही गिळतात. रिपोर्टमध्ये नका गिळू. नामामागचा तर नकोच, 'कंप्लेंट्स द सीड डिड नॉट जर्मिनेट' हे मथळ्यासारखं वाचलं जातं.

ॲग्रो_अकोला

रिपोर्टमध्ये 'मंडे' लिहूच नका. तीन महिन्यांनी वाचणाऱ्याला कुठला सोमवार ते कसं कळणार? तारीख टाका.

कपाशीचा_हिशेब

बरोबर. तारीख वहीत आहे, ती टाकते. आत्ता बदललेला परिच्छेद असा झालाय:

'कंप्लेंट्स दॅट द सीड डिड नॉट जर्मिनेट अँड दॅट नो बिल्स वेअर गिव्हन वेअर रिसीव्ड फ्रॉम थ्री व्हिलेजेस. अवर फील्ड व्हिजिट्स कन्फर्म्ड दॅट द फार्मर्स हॅड इन्स्टॉल्ड द ट्रॅप्स. द फार्मर्स टोल्ड अस दॅट द अटॅक हॅड स्टार्टेड इन ऑक्टोबर. वी रेकमेंडेड दॅट ईच मेंबर इन्स्टॉल फाइव्ह ट्रॅप्स पर हेक्टर.'

पहिल्या वाक्यात 'गिव्हन वेअर रिसीव्ड' जवळ 'वेअर' दोनदा येतंय, ते कानाला खटकतंय.

निवृत्त_मास्तर_वरूड

चूक नाही, पण खटकतं खरं. लांब कर्ता पुढे ओढून आणला की असंच होतं. कर्ता बदला, शेवट मोकळा सोडा. 'फार्मर्स फ्रॉम थ्री व्हिलेजेस कंप्लेन्ड दॅट द सीड डिड नॉट जर्मिनेट अँड दॅट नो बिल्स वेअर गिव्हन.' नामाचं क्रियापद झालं, 'वॉज की वेअर' हा प्रश्नच उरला नाही, आणि तक्रार कोणी केली तेही समोर आलं. बाकी ठीक आहे. पाठवा.

कपाशीचा_हिशेब

पाठवते. 'बोगस'पण काढलंय, 'साइन्स दॅट द सीड वॉज ओल्ड' केलंय. पिशवीवरची तारीख दिसेल असा फोटो शेजारीच लावलाय.

खारपाणपट्टा

पिशवी जपून ठेवा ताई. फोटोपेक्षा थे कामी येते.